बाबांच्या आठवणींना कुलूप

पूर्वी दवाखान्यात लोक कुजबुजत. परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी बसलेले मायलेक मात्र मोकळेपणाने बोलत होते. मुलाचे वडील आत होते.

"लावलंस का रे बाबांनी लिहिलेल्या आठवणींना कुलूप?"

"लावलं गं. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल अशी स्क्रिप्ट, छोटा प्रोग्रॅमच, लिहिली. तीच फाइल जागेवर ठेवते, तीच परवानग्या लावते. वाचायचं सगळ्यांनी, बदलायचं फक्त मालकाने."

"बरं केलंस. हे मला मागणी घालायला आले, तेव्हा तुझ्या मामाने दारातूनच हाकललं, असं आधी खरं लिहिलं होतं. मग बदलून लिहिलं, मामाने खुर्ची दिली. परवा तर मामा त्यांना बसपर्यंत सोडायला गेला! माझा भाऊ इतका मऊ कधीच नव्हता."

"हं."

"हं काय? मालक तूच ना?"

"घाईत बाबांच्याच उघड्या लॉगिनमधून चालवली गं."

"म्हणजे?"

"ज्याचं लॉगिन तो मालक. मालक तेच झाले. आपण नुसतं वाचायचं."

"धन्य आहेस! मग बदल ना."

"त्यांचा पासवर्ड लागेल."

इतक्यात वडील बाहेर आले.

"डोळ्यांत थेंब घातलेत, सगळं अंधुक दिसतंय. घरी गेल्यावर मी सांगतो, तू टाइप कर. मामाने माफी मागायची राहिलीय."