घरच्या मुलाखतीचा निकाल

माझ्या आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या संचालिका बाई; व्यासपीठावर बसलेले, माझ्याविषयी चांगलं बोलून दमलेले माजी संचालक साहेब; समोरचे माझे सहकारी; आमच्या रोजगार मार्गदर्शन केंद्राच्या सल्ल्यानं नोकरीला लागलेले आणि त्याच सल्ल्यानं न लागलेले सर्व मित्र; आणि तिसऱ्या रांगेत बसून सारखी घड्याळाकडे बघणारी माझी पत्नी. आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्याआधी जे बोलले त्या सगळ्यांनी माझ्या दूरदृष्टीचा उल्लेख केला. मी दोनदा मागे वळून पाहिलं. म्हटलं, आज आणखी कोणाचा सत्कार आहे की काय? शहरात कोणत्या कामाला मागणी आहे आणि उद्या कोणत्या कामाला येईल, हे सांगण्याचा मी पगार घेत आलो. हवामानवाल्यांचा अंदाज चुकला तर त्यांना निदान ढगांवर ढकलता येतं. मी कोणावर ढकलणार? 'टायपिंगला मरण नाही' असं मी याच सभागृहात, याच माइकवर सांगितलं होतं. तेव्हा टाळ्या वाजवणारे काही जण आजही समोर दिसताहेत. त्यांनी मला माफ केलंय, की नुसतेच चहाला आलेत, ते चहाच्या वेळी कळेल.

माझा भाचा आला आहे. उभा राहा रे जरा. लाजतोय, राहू दे. या मुलानं मामाच्या शब्दाखातर फोटो धुण्याचं काम शिकून घेतलं. अंधाऱ्या खोलीत उभं राहून राहून हातांना रसायनांचा वास मुरला. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडला, तर रस्त्यावर लोक खिशातल्या फोननं एकमेकांचे फोटो काढत होते! मग त्यानं लिफ्टचं काम शिकायचं ठरवलं आणि पुन्हा मलाच विचारायला आला. मी म्हणालो, "वेडा आहेस का? माणसं काय जिने चढायची थांबणार आहेत?" तो तडक गेला आणि नाव घालून आला. आज त्याला इतकी कामं आहेत की जेवताना घास एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. मागे मला म्हणाला, "मामा, तुमच्या सल्ल्याचा फार उपयोग होतो. तुम्ही नको म्हणालात की शंकाच उरत नाही."

आता तुम्ही विचाराल, मग आज या शहराला कोण हवंय? मी सांगतोय म्हणून लगेच उलट धरू नका, ही माहिती मी भाच्याकडून तपासून घेतली आहे. नळवाला हवाय. तो सापडत नाही, सापडला तर येत नाही आणि आलाच तर अख्खं घर त्याला चहा विचारत मागेमागे फिरतं. एसी दुरुस्त करणारे हवेत, परिचारिका हव्यात, दारोदार सामान पोहोचवणारे हवेत, संगणकात शिरून बसलेल्या चोरांना हुसकावणारे हवेत. आणि म्हाताऱ्या माणसांपाशी बसणारी, त्यांना उठवणारी, कूस बदलून देणारी माणसं तर सगळ्यात जास्त हवीत.

ही शेवटची मागणी मला कधी दिसलीच नाही. ती दिसली माझ्या पत्नीला, आमच्या जेवणाच्या टेबलावर भाजी निवडताना. शेजारच्या आजींना सोबत हवी होती, तिनं एक बाई गाठून दिली. मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. मी म्हणालो, "हे काही चालायचं नाही. घरची माणसं असताना कोण परक्याकडून करून घेणार?" माझं 'चालायचं नाही' ऐकून तिला इतका धीर आला की तिनं त्याच आठवड्यात खाली एक खोली भाड्यानं घेतली. आज त्या खोलीबाहेर बाकडं आहे आणि कामाला येणारी माणसं तिथे रांगेनं बसतात.

मध्यंतरी संचालिका बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "तुमच्या जागी माणूस नेमायचा नाही असं ठरलंय. व्हरांड्यात संगणकाचा एक पडदा लावू. मागणी असलेली कामं त्यावर दिसत राहतील." मी विचारलं, "पण पडदा मुलांशी बोलेल का?" बाई म्हणाल्या, "नाही. तोच तर फायदा." बाई, आता तुम्ही हसताय, पण तेव्हा तुम्ही अगदी गंभीरपणे म्हणाला होतात.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि चपला न काढता दारातच उभा राहिलो. कोण कुठे उपयोगी पडेल हे आयुष्यभर सांगत बसलो, आणि माझा आता कोणाला काही उपयोग नव्हता. मी बायकोला म्हणालो, "मला तुझ्याकडे ठेवून घे."

ती म्हणाली, "उद्या अकराला या. बाहेर बाकड्यावर बसा."

मला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा नव्हती.

मुलाखत कशी द्यावी, हे मी अर्ध्या शहराला शिकवलंय. ताठ बसा, थोडक्यात बोला, समोरच्याला बोलू द्या. घरी 'अहो' म्हणणारी बाई तिथे म्हणाली, "हं, स्वतःविषयी सांगा." मी सुरू झालो. तिच्या चहावर साय धरली तरी मी माझ्या पहिल्या बढतीपर्यंतच पोहोचलो होतो. तिनं मध्येच विचारलं, "पेशंट पलंगावरून घसरतोय. आधी काय कराल?" मी म्हणालो, "या प्रश्नाची आधी पार्श्वभूमी पाहू." ती म्हणाली, "तोवर तो जमिनीवर असेल." मग प्रात्यक्षिक. तिच्याकडच्या एक अनुभवी मावशी पेशंट म्हणून खाटेवर आडव्या झाल्या. त्यांची कूस बदलायला गेलो आणि माझ्या कमरेत अशी उसण भरली की शेवटी पेशंटनं उठून मला खाटेवर निजवलं.

बायको म्हणाली, "ठीक आहे. कळवू."

मंडळी, 'कळवू' म्हणजे काय असतं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? रात्री जेवताना मी भीत भीत निकाल विचारला. ती म्हणाली, "ऑफिसच्या वेळेत विचारा. भात वाढू?"

गेल्या आठवड्यात तिच्याकडचा एक माणूस अचानक आजारी पडला. दुसरं कोणीच मिळेना, तेव्हा नाइलाजानं तिनं, उरलेली रजा संपवत घरी बसलेल्या मला, एका काकांकडे दुपारपुरतं पाठवलं. दारात बजावलं, "नुसतं बसायचं. उचलायचं नाही, कूस बदलायची नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही." हे काका जन्मभर वर्तमानपत्राच्या छापखान्यात मशीन चालवत होते. पत्नी गेल्यापासून त्यांची झोप उडालेली. गोळ्या झाल्या, डॉक्टर झाले, मुलगी तर पार थकून गेली होती. मी खुर्चीत बसलो. काका छताकडे बघत होते, मी काकांकडे. मी तोंडातून अक्षर काढलं नाही, याला देव साक्षी आहे. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुम्ही काय करता?"

आता हा प्रश्न मला विचारायचा असतो का? मी त्यांना शहरातला रोजगार सांगायला घेतला. टायपिंगच्या उज्ज्वल भवितव्यापर्यंत आलो आणि पाहतो तर काकांची हालचाल बंद. माझी पाचावर धारण बसली. नाकाशी बोट धरलं, तेवढ्यात त्यांनी खणखणीत घोरायला सुरुवात केली. मी गप्प झालो तसे ते चुळबुळले. मुलगी दारात येऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हातानं खुणावत होती, थांबू नका, बोला, बोलत राहा.

जाग आल्यावर काका म्हणाले, "तुमचा आवाज आमच्या मशीनसारखा आहे. चढ नाही, उतार नाही. मशीन चालू असलं की शेजारच्या बाकावर मला गाढ झोप लागायची. बंद पडलं की जागा व्हायचो. आमची ही पण दिवसभर बोलायची. ती गेली आणि घरच बंद पडलं."

यावर मला काहीतरी गमतीचं बोलायचं होतं. त्याऐवजी मी त्यांची चादर सारखी केली. घरी येऊन बायकोला सगळं जसंच्या तसं सांगितलं.

आज सकाळी, अगदी ऑफिसच्या वेळेत, निकाल लागला. बायको म्हणाली, "काकांकडे रोज दुपारी तुम्हीच हवे आहात. आणखी दोन घरांतून विचारणा आहे." मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. शहरात ज्या कामाला मागणी आहे, ते मला येतं, असं माझ्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

आपण सर्वांनी मला इतकी वर्षं सहन केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांना चुकीच्या वाटेला लावलं, त्यांनी भाच्याला भेटावं. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर चूक पदरात घ्यावी. माजी संचालक साहेबांची मान केव्हाच छातीवर कलली आहे, आणि मागच्या दोन रांगाही शांत दिसताहेत. ही झोप म्हणजेच माझ्या नव्या कामाचं प्रमाणपत्र, ते मी कृतज्ञतेनं स्वीकारतो. म्हणून विनंती एवढीच, टाळ्या वाजवू नका.

आणि माझी पत्नी घड्याळाकडे का बघत होती, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. काकांची झोपायची वेळ झाली आहे. येतो मी, कामाला उशीर होतोय.