खालच्या लीगचा नियम मीच केला

...आणि वर मलाच विचारतायत, "काय लोवेल, भट्टीजवळ ऊब आहे ना रे?" ऊब! अहो, चर्चचं तळघर आहे ते! एकीकडे अख्खी इमारत तापवणारी भट्टी धडधडतेय, दुसरीकडे नाताळच्या देखाव्यातलं एका कानाचं गाढव, आणि मधे घडीच्या टेबलाशी मी! ज्यानं हा नियम केला तो मी! हजारात एकदा होणार होतं हो हे... हजारात एकदा!

तुम्हाला सांगतो, आम्ही डब्यूक गावचे तेरा जण एकवीस वर्षं कॉम्प्युटरवरचं बेसबॉल खेळतोय. खेळाडू सगळे खोटे, सामने कॉम्प्युटर खेळणार, आपण फक्त संघ बांधायचा आणि पडद्याकडे बघून बोंबलायचं. आता प्रथा अशी, की जो शेवटचा येईल त्याला पुढच्या वर्षी नव्या पोरांमधून पहिली निवड. दयाधर्म! आणि हा आमचा व्हर्न फायफर, जन्मभर डुकरं पाळून रिटायर झालेला, पाच वर्षं मुद्दाम हरतोय! लंगडे म्हातारे उतरवायचा मैदानात, चांगली पोरं बाकावर, आणि वर तोंड पाडून, "काय करणार, नशीबच फुटकं!" अरे नशीब कसलं, चोरा!

म्हणून केला मी नियम. आठ जण वरच्या लीगमध्ये, सहा जण खालच्या. वरचा शेवटचा खाली, खालचा पहिला वर. वरच्यांनी हॉलमध्ये बसायचं, खिडकी, राजमा-खिम्याची चिली, आणि सोबत माझ्या बायकोचे दालचिनीचे गरम गरम रोल. खालच्यांनी तळघरात. बस रे व्हर्न आता गाढवापाशी! सहा महिने खपलो, एकोणचाळीस कलमं लिहिली! आणि उगीच नाही हं, अख्खा मोसम कॉम्प्युटरवर हजार वेळा खेळवून बघितला. व्हर्न खाली गेला नऊशे ब्याऐंशी वेळा. मी? एकदा. हजारात एकदा! लगेच चाळिसावं कलम घातलं, पाच वर्षं नियमात काडीचा बदल नाही. नाहीतर व्हर्न रडून बदलून घेईल ना!

खाली पाचच जण भरले, म्हणून बायकोला बसवलं, डार्लीनला. "अगं, नुसती नावाला बस." तर तिनं खेळाडू कोणते घ्यावेत? ज्यांना कोणी घेत नाही ते! "बिचारा अडतीसचा आहे रे, जाईल कुठे?" मी हसलो. पोट धरधरून हसलो.

मोसम सुरू झाला आणि व्हर्ननं काय करावं? पाच वर्षं हरून हरून गोळा केलेली ती सगळी पोरं, एकेक हिरा, एकदम मैदानात! हाणतायत नुसते! अहो, माझ्या हजारच्या हजार मोसमांत मी त्याचे म्हातारेच खेळवले होते! तळघराची भीती घातली की माणूस सुधारतो, हे कॉम्प्युटरला कुणी सांगायचं?

शेवटचा सामना. मी विरुद्ध व्हर्न. तो गुणतक्त्यात पहिला येऊन बसलेला, आणि मी जिंकलो तरच मला वर राहता येणार. लाज सोडून त्याला बाजूला घेतलं. "व्हर्न, तुझं काय जातंय? एवढा एक सामना सोड ना रे."

"पाच वर्षं सोडले," म्हणतो, "तर चोर म्हणालास."

अकरा विरुद्ध दोन! हरलो! मी म्हटलं, नियमात थोडी दुरुस्ती करू या... तर डार्लीनसकट तेराही जण एका सुरात, "कलम चाळीस!" अहो, प्रार्थनाही कधी इतकी एका सुरात म्हटली नाही यांनी!

आणि खालून वर कोण गेलं? डार्लीन! ते अडतीस-अडतीसचे बिचारे घेऊन!

परवा ताट घेऊन जिन्यात थांबली. "मी पण पुढचा मोसम हजार वेळा खेळवून बघितला."

"मग? येतो का मी वर?"

"येतोस की. एकदा."

"हजारात?"

"हजारात." आणि गेली वर... रोल घेऊन!

मी गाढवाशेजारी बसलो. मनात म्हटलं, हजारात एकदा ना? मग काळजी कसली, ते तर माझ्या बाबतीत हमखास घडतं!