पडद्यामागचं यंत्र

नाही, त्या खुर्चीवर नको, ती करकरते, पलीकडे ऐकू जातं — ही घे, माझी. उद्यापासून तुझीच आहे. आणि मॅडम नको म्हणूस गं, वर्षच तर झालंय मला इथं. तू विचारलंस ना, नोकरीला लागताना काय वाटलं होतं — काय नाही वाटलं होतं, ते विचार. इतक्या लांब शिकायला गेले, तिथं चांगली नोकरी मिळत होती, ती सोडून परत आले — कशासाठी? आपल्या भाषेत बोलणारं यंत्र बनवायचं म्हणून. म्हातारी माणसं डॉक्टरांची वेळ मिळवायला सकाळपासून ताटकळत उभी असतात, त्यांनी घरून फोन करावा, यंत्रानं नीट ऐकून घ्यावं, वेळ द्यावी. बाबा विमानतळावर न्यायला आले, तर सामान गाडीत ठेवायच्या आधी हे सगळं त्यांना सांगून मोकळी झाले होते मी. आणि मिळालं काय? ही खोली. पूर्वी इथं झाडू आणि फिनेलचे डबे असायचे — वास येतोय ना अजून? होते सवय.

तुला काय सांगितलंय, यंत्रावर देखरेख? मलाही तेच सांगितलं होतं. पलीकडे हॉल आहे, तिथं पाहुणे बसतात. बुवा — म्हणजे आपले सर, तोंडावर सरच म्हण, पाठीमागे सगळे बुवा म्हणतात, चमत्कार करून दाखवतो ना — बुवा पाहुण्यांना म्हणतो, बोला, पेशंट म्हणून बोला. ते या हेडफोनमध्ये येतं, तू उत्तर टाईप करायचंस, आणि पलीकडे ते गोड आवाजात वाचलं जातं. झालं. अशी बघू नकोस माझ्याकडे. यंत्र आहे की, वाचतं ना ते — समजून घ्यायचं काम तेवढं तुझं. लगेच उत्तर द्यायचं नाही, जरा दम धरायचा. आणि एकदा चुकायचं. हो, मुद्दाम. कुणी गुडघा म्हणालं की आपण कान ऐकल्यासारखं करायचं, मग माफी मागून दुरुस्त करायचं — पाहुणे हसतात, सैल होतात. आत माणूस असता तर चुकला कशाला असता, असं वाटतं त्यांना. ही युक्ती बुवाची नाही हं, माझी. त्यानं पाठ थोपटली होती — आणि मला, म्हणजे, बरं वाटलं होतं. एक आजोबा तर यंत्राला म्हणाले, बाळा, किती समजून घेतेस गं तू. घरी जाऊन आईला सांगितलं, माझ्या यंत्राचं आज कौतुक झालं. माझ्या यंत्राचं म्हणे.

खरं यंत्र? आहे ना. त्याला छाती आणि पाठ यांतला फरक अजून कळत नाही. मला त्यावर काम करू द्या म्हणून किती मागे लागले बुवाच्या — करू की, म्हणायचा, एवढा डेमो होऊन जाऊ दे. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. आणि काल माझ्या वर्षाचा आढावा. काचेची खोली, बुवा, शिवाय आणखी दोघे. बुवा रेलून बसला आणि म्हणाला, 'वर्षभरात तू बनवलंस काय, ते दाखव.' मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, 'सर, मी तर आत बसत होते.' तर म्हणतो, 'ते टायपिंग झालं. टायपिंगला इंजिनियर कशाला ठेवायचा?' ते दोघे हसले. हसू देत. आजचा डेमो कर, नव्या मुलीला दाखव आणि मोकळी हो — एवढंच म्हणाला मग बुवा.

आजचे पाहुणे मोठ्या हॉस्पिटलचे आहेत. त्यांना पटलं की फोन उचलणाऱ्या बायकांना घरी बसवणार आणि यंत्र लावणार — खरं यंत्र, तू नाहीस, इतके फोन तू कुठं घेणार? छातीत कळ आलेल्या माणसाला ते पाठीच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची वेळ देईल. भयंकर आहे ना? मलाही सकाळी दात घासताना हे सुचलं. त्याआधी रात्रभर मी फक्त बुवाचं तोंड कसं होईल तेच बघत होते डोळ्यांपुढं — पेशंट नंतर आठवले. जाऊ दे, आठवले ना.

आधी वाटलं, पाहुण्यांना सगळं सांगून टाकावं. पण बोलण्यात बुवा हार जायचा नाही — मुलगी नाराज आहे हो, म्हणेल, आणि चहा मागवेल. राजीनामा लिहायला घेतला, अर्धवट टाकला — काढून टाकलेल्या माणसाचा कसला राजीनामा? आणि तिथंच, बेसिनपाशी, तोंडात ब्रश, तेव्हा ठरलं. जायचं. वेळेवर, चांगले कपडे घालून. हेडफोन लावायचा आणि एक अक्षर टाईप करायचं नाही.

थांब — आले. बुवा घसा खाकरतोय. कुणी बाई आहेत, सावकाश बोलतायत, वडिलांना धाप लागतेय म्हणतायत… हात मागे घे. तुला नोकरी हवीय, कळतंय मला — सांग त्यांना, तिनं कीबोर्ड सोडला नाही. बाई पुन्हा विचारतायत. बुवा म्हणतोय, विचार करतंय ते. करू दे. रडू नकोस, जा तू बाहेर, दार हळू लाव. जा म्हटलं ना. मला ऐकू दे.