साधं स्टिअरिंग

सोमाटण्याच्या गॅरेजात मी माझ्या गाडीची वाट पाहत होते. पलीकडे मेकॅनिक निलेश आणि महिपती आबा बोलत होते. आबांच्या गाडीत त्यांची बायको, अंबूबाई, डोळे मिटून बसली होती.

“आबा, लोक पावर स्टिअरिंग बसवून घेतात. तुम्ही काढायला आलाय?”

“व्हय. साधं बसव.”

“या वयात खांदे भरून येतील.”

“येऊ दे. हिला दिसत न्हाई. मी जोर लावून वळवायचो, तवा माझं कोपर हिला लागायचं. त्यावरनं ही वळणं मोजायची, गावं वळखायची.”

“आणि आता?”

“आता गाडी पाण्यावरल्या पानागत जाती.”

अंबूबाई गाडीतूनच म्हणाली, “रविवारी वाटेत माझं माहेर येऊन गेलं, निलेश. मला कळलंच न्हाई.”

“आबा, गाडी आत घ्या.”