माय-लेकींची बॅच

मी या वयात नाचायला कशी लागले, हे तुम्ही कधीचं विचारताय, तर ऐका.

लातुरात क्लासेसला तोटा नाही, पण पन्नाशीच्या बाईला परवडेल असा नाचाचा क्लास सापडेना. दोन ठिकाणांहून फी ऐकूनच परतले. तिसऱ्या ठिकाणी दारावर लिहिलं होतं, आई आणि मुलगी जोडीनं आल्या तर एकीची फी माफ. मला मुलगी नाही. घरी येऊन सासूबाईंना हे हसत सांगितलं, तर त्यांनी पायात चपलाच घातल्या.

"चल. माय-लेकीच पाहिजेत ना त्यांना?"

शिकवणारी मुलगी आम्हाला बघून गोंधळली. "आजी, तुम्ही पण नाचणार?"

"मी खुर्चीत बसून हात हलवीन. पाय ही माझी लेक हलवील."

तेवढ्यात नातीला सोडायला आलेल्या आमच्या शेजारणीनं मला ओळखलं. "अगं, नवरा जाऊन वर्ष न्हाई झालं, अन् तू नाचायला आली?"

मी पिशवी उचलली. निघणारच होते. सासूबाईंनी माझा दंड धरला.

"तिचा नवरा गेला, तसा माझा लेक बी गेलाय," त्या शेजारणीला म्हणाल्या. "आम्ही दोघी घरात भिंतीकडं बघत बसलो होतो, तवा एक दिवस तरी आलीस का गं? आता आलीच हायस तर बस, अन् बघ."

मग त्या शिकवणाऱ्या मुलीकडे वळल्या. "लाव गं गाणं. रस्त्यावर ऐकू गेलं पाहिजे."