सायलसच्या टोपीचं काळं फूल

— ऐकलं गं, बहिरी नाही झाले अजून. सिंकोनाची साल हवी, ताप चढलाय, डोळे पिवळे झालेत, काळं ओकतोय — ऐकलं सगळं. पण पुन्हा एकदा सांग, डॉर्कस, कुणासाठी म्हणालीस? लेमुएलसाठी? नस्तर घेऊन अख्ख्या फिलाडेल्फियाचं रक्त काढत फिरणाऱ्या तुझ्या नवऱ्यासाठी? साल म्हणजे इंग्लंडच्या राजाची चाकरी, असं भर चौकात ओरडायचा, त्याच्यासाठी? आणि दुकानाच्या मागच्या दाराने आलीस! बैस. त्या पिंपावर बैस. स्वतःचं रक्त काढलंच असेल ना त्याने? किती वेळा? तीनदा! मग उतरायला हवा होता की ताप. नाही उतरला? अरेरे.

या पिवळ्या तापाच्या पहिल्या साथीपर्यंत असं नव्हतं, आठवतंय? तेव्हा ताप म्हणजे नुसता ताप होता. तुझा लेमुएल आणि माझा सायलस एका पलटणीत लढलेले, एका मगातून सायडर प्यायचे. पक्ष? पक्ष म्हणजे शिवी वाटायची आपल्याला — देश नवा, कसले पक्ष! मग सरकारातले दोन मंत्री एकमेकांचं तोंड बघेनात, दोघांची वर्तमानपत्रं एकमेकांवर चिखल उडवायला लागली, फ्रेंचांचं जहाज आलं, आणि एक दिवस बघते तर तुझा नवरा टोपीला फ्रेंचांचं तीनरंगी फूल लावून पाण्याच्या पंपावर उभा! सायलसने त्याच संध्याकाळी विरुद्ध बाजूचं काळं लावलं. फितीची फुलं गं, मी स्वतः शिवलं त्याचं. मग इंग्लंडशी तह झाला आणि आमची काच फुटली — नाही म्हणू नकोस, दगड लेमुएलचाच, मी पडद्याआड उभी होते. मग पावाची भट्टी वेगळी, चर्चमधला बाक वेगळा, आणि शेवटी औषधसुद्धा! साल आणि वाइन घेईल तो फेडरलिस्ट, इंग्लंडच्या बाजूचा; शीर कापून रक्त काढून घेईल तो रिपब्लिकन, फ्रेंचांच्या बाजूचा. माणूस मेला तरी चालेल, पण आपल्या बाजूच्या औषधाने मेला पाहिजे.

गेल्या वर्षी सायलस याच तापाने पडला. मी साल दिली. चार दिवस दिली, उकळून, वाइनमधून, चमच्याने दात उघडून. उतरेना. चौथ्या दिवशी — हे तुला माहीत नाही, कुणालाच नाही — माझा हात धरून म्हणाला, लेमुएलला बोलाव, त्याचं नस्तर चालवून बघू दे. तुमचं दार इथून अकरा पावलं. मोजली मी. तो गेल्यावर मोजली. गेले नाही. कशी जाणार? समोर बेकरीवाली खिडकीत बसलेली. नस्तरवाला आमच्या दारात दिसला असता तर गल्लीभर झालं असतं, सायलस फिरला म्हणून! मी त्याला सांगितलं, लेमुएल यायला तयार नाही. हो, खोटंच. तो म्हणाला, "बरं." आणि भिंतीकडे तोंड केलं. — अशी काय बघतेस? आला असता लेमुएल? धावत आला असता? गप्प बस. तुला कुणी विचारलं?

ही बघ बरणी. अर्धी भरलीय, तुझ्या नवऱ्याला पुरून उरेल. देते. दगड नाही मी. एकच अट — हे सायलसचं फूल. छातीला लाव आणि पुढच्या दाराने बाहेर पड. पंपावर सगळ्या जमल्यात, बेकरीवाली आहे, बघू देत सगळ्यांना, नस्तरवाल्याच्या बायकोने काळं लावलं म्हणून. चांगला विचार कर, उद्यापासून तुमच्यातलं कुणी तुला उभं —

अगं! लगेच लावलंस? थांब, विचार तरी कर, बाई! टाचणी बोटात गेली, रक्त आलं तुझ्या... एवढंच होतं हे? एक टाचणी? आणि मला अकरा पावलं जमली नाहीत —

काढ ते. काढ म्हणते ना! सायलसचं आहे, फाटेल. बरणीला हात लावू नकोस. नाही देत. रड, खुशाल रड. लेमुएलने विचारलं तर सांग, दुकान बंद होतं. बघ "बरं" म्हणतो का. जा. मागच्याच दाराने जा.