थोरल्याचा कागद

अहो पण एफंदी साहेब, मी कुठं नाही म्हणतेय? जन्माची नोंद दाईनंच द्यायची, कबूल — सरकारनं पेटी दिली, कात्री दिली, परवाना दिला, सगळं कबूल. पण तुम्ही आरोग्य कचेरीतली माणसं आमच्या या बुलाक वस्तीत येता कधी? कुणी मेलं की! तेही नाकाला रुमाल लावून. गेल्या उन्हाळ्यात या एका गल्लीत अकरा तान्ही जुलाबानं गेली — तेव्हा आलात? नाही आलात. दारातून गटार वाहतंय, नळ एकच — ते लिहिलंत कधी? नाही लिहिलंत. आणि आज माझ्या नातवाच्या, अतियाच्या, जन्माच्या एका कागदासाठी या नबविया दाईच्या दारात! बसा. तिथं नको, ओलं आहे.

काय म्हणता? कागदावर पोर अडीच वर्षांचं, आणि गेल्यावर डॉक्टरनं पाहिलं ते सात महिन्यांचं? असेल. इथली पोरं खुरटीच — बरं बरं, डोळे नका वटारू, सांगते. अतिया दोन होते. थोरला पहिल्याच उन्हाळ्यात गेला. गेल्याची नोंद कोण करतंय? अख्ख्या बुलाकात कुणी करत नाही! कबर खणणारा आपलाच, तो विचारत नाही. पुरायचं आणि कागद जपून ठेवायचा. पुढचा मुलगा झाला की तेच नाव, तोच कागद. कचेरीचे हेलपाटे वाचतात — आणि आईला वाटतं, गेलेला परत आला. चाळीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आले, माझ्या लेकीला, फहीमालाही मीच सांगितलं.

मग हिवाळ्यात देवीची साथ आली. तुमचा लस टोचणारा दारोदार फिरत आला — मला बरं वाटलं हो! पोराला मांडीवर घेऊन, त्याची बाही वर करून मीच बसले होते, याच पायरीवर. तो म्हणाला, कागद. दिला. त्यानं पोराचं वय नाही पाहिलं, मागचा शिक्का पाहिला — टोचलेलं आहे. थोरल्याला टोचलं होतं ना! मी म्हणू शकत होते, बाबा रे, तो हा नव्हे. तोंडच उघडलं नाही. का? परवाना जाईल म्हणून. परवाना! तो पुढच्या दाराला गेला आणि मी बाही खाली केली. पंधरा दिवस झाले नाहीत, तोच अंगभर फोड. याच हातांनी त्याला जगात आणलं होतं, एफंदी, आणि याच हातांनी —

लिहा. काय लिहायचं ते लिहा. परवाना त्या खिळ्याला आहे, तोही न्या. फक्त फहीमाला नका सांगू. तिला कागदाचं ठाऊक आहे, शिक्क्याचं नाही — ती तेव्हा नदीवर धुणं धूत होती. तिला वाटतं, शेजारणीची नजर लागली. जन्माच्या मैत्रिणी, आता एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. मी रोज म्हणते, आज सांगेन. रोज.

ही आलीच बघा. मिटा ती वही. उठा एफंदी, उठा म्हणते ना — अगं फहीमा, कुणी नाही गं, पत्ता चुकलेत.